गॅलनला नऊ मैल

जयवंतचा नियम होता:
चाळीसच्या खाली खिडक्या उघड्या,
चाळीसच्या वर ए.सी.
गावात वारा फुकट, म्हणायचा,
हायवेवर तोच वारा गाडीला मागे ओढतो
आणि त्याचे पैसे पंपावर वसूल करतो.
लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मी हे शिकले,
त्याला वरणात मीठ किती लागतं
ते कळायच्याही आधी.

वही मात्र माझी.
ग्लोव्ह बॉक्समध्ये, दोऱ्याला बांधलेली पेन्सिल.
तारीख, मैल, गॅलन,
आणि कडेला एक अरुंद रकाना: ए.सी. किती.
पेट्रोल दर शनिवारी मीच भरायची.

चॅन्डलर, ॲरिझोना. दोन हजार एकचा जुलै.
स्टीअरिंग धरायला ओला नॅपकिन लागायचा,
ऋताच्या सीटचं बक्कल ओढणीत गुंडाळून लावायचं.
एरवी आठवड्याला तीनशे मैल, साडेदहा गॅलन.
त्या शनिवारी:
मैल सत्त्याण्णव.
गॅलन साडेदहा.

खोडलं. पुन्हा भागाकार केला.
गॅलनला नऊ मैल.
निसान आहे की रणगाडा?
कुठेतरी पाणी मुरतंय म्हणतात,
इथे पेट्रोल मुरत होतं.

मेकॅनिक टोबायसनं बॉनेटखालून डोकं काढलं.
गळती नाही. कॉम्प्रेसर ठणठणीत.
हात पुसत म्हणाला,
ही गाडी उभ्या उभ्या फार चालते का?

रात्री ओट्याशी उभी राहून मांडलं:
सत्त्याण्णव मैलांना साडेतीन गॅलन.
उरले सात.
थांबलेलं इंजिन, ए.सी. चालू, ताशी अर्धा.
चौदा तास.
भागिले पाच दिवस.
रोज जवळजवळ तीन तास
माझा नवरा कुठेतरी
जागच्या जागी प्रवास करत होता.

आणि सकाळी इस्त्रीचा शर्ट.
आणि संध्याकाळी, मीटिंग लांबली.

बुधवारी मिसेस ऑर्टेगा ऋताला आणि मला
लायब्ररीत गोष्टी ऐकायला घेऊन गेल्या.
पार्किंगच्या टोकाला, पालो वर्देच्या
चाळणीसारख्या सावलीत आमची गाडी.
काचा बंद. आत जयवंत. टायची गाठसुद्धा सैल नाही.
मांडीवर डबा, झाकण न उघडलेला.
समोर भिंत होती. तो भिंतीकडे
रस्त्याकडे बघावं तसा बघत होता.

गाडीखाली ए.सी.चं पाणी ठिबकून
ताटाएवढं डबकं झालेलं.
एक लावा तिची पिल्लं घेऊन त्यात चोच बुडवत होती.
सगळ्या आवारात तेवढंच ओलं.

मी म्हटलं, मिसेस ऑर्टेगा,
मागच्या दारानं जाऊ या का?
का, असं त्यांनी विचारलं नाही.

शून्य वेगाला काय करायचं,
हे त्याच्या नियमात नव्हतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची.
गॅलन तेव्हा दीड डॉलरला होता.
मी दूध छोट्या कॅनवर आणलं,
ऋताचे सँडल आणखी एक महिना चालवले,
टाकी काठोकाठ भरत राहिले.
शनिवारी पेन्सिल हातात घेतली
आणि ए.सी.च्या रकान्यात लिहिलं:
लागला तेवढा.

त्यानं ते वाचलं असणार.
रविवारी सिग्नलला थांबलो असताना,
खिडक्या उघड्या, कपाळावर घाम,
म्हणाला, फार पितेय ना हल्ली?
उन्हाळा आहे, मी म्हणाले.
हिरवा झाला. मागून कुणी तरी हॉर्न दिला.

अकरा आठवडे.
मग टूसॉनला काम मिळालं, तेही आधीच्यापेक्षा कमी पगाराचं,
त्यानं सांगितलं ते फक्त नव्या कामाचं.

चार वर्षांनी गाडी विकली.
घेणारा कॉलेजातला पोरगा, टायरला लाथ मारून बघणारा.
ॲव्हरेज काय देते, त्यानं विचारलं.
जयवंतनं माझ्याकडे पाहिलं.
वही माझ्या पर्समध्ये होती.

एकोणतीस, मी म्हणाले.