खोली साडेतीन फूट

पाटीवर लिहिलंय : खोली साडेतीन फूट.
मी कोपरखैरण्यात माथाडींच्या वसाहतीत वाढले,
मला खोली म्हणजे भाड्याची,
पाच माणसं, एक पंखा, मोरीत एक पिंप.
त्या पिंपाएवढंच पाणी मला ठाऊक.
पोहता येत नाही, हे मी
सोसायटीच्या फॉर्मवर लिहिलेलं नाही.

रविवार. सकाळचे आठ. घणसोली.
तीन मजली पार्किंगच्या डोक्यावर
निळ्या फरशीत कोंडून ठेवलेलं पाणी,
खाली गाड्या झोपलेल्या,
आणि माझ्या कडेवर आठ महिन्यांची मृण्मयी.
नाव सासूबाईंनी ठेवलं. काल त्याच म्हणाल्या,
"मातीची पोर गं ती, पाण्यात काय नेतेस?"
हसून म्हणाल्या.
पण म्हणाल्या.

टोपीशिवाय प्रवेश नाही, लाइफगार्डने अडवलं.
मी तिचं डोकं पुढे केलं :
परवाच जावळ काढलेलं, सोललेल्या नारळासारखं.
त्याने नियमांचा फलक वाचला, टक्कल वाचलं,
फलकावर टकलाबद्दल काही नव्हतं.
"जावा," म्हणाला.

पुष्कर काठावर, बूटमोजे घालून,
दोन टॉवेल, एक फोन, एक बदक.
पाणी पोटाशी आलं तेव्हा
टाक्यांची जुनी रेघ गार पडली,
जणू कुणी तिच्यावरून पुन्हा बोट फिरवलं.

आजवर पाणी हिच्याकडे यायचं.
सुभद्रामावशी पाय पसरून बसायच्या,
हिला नडग्यांवर पालथी घालायच्या,
आणि तांब्यातून पाणी उतरायचं, कोमट, धार धरून,
आणि संपायचं.
हे येत नाही. हे संपत नाही.
इथे आपणच जायचं.

तिची टाच टेकली मात्र,
पाय असे वर ओढून घेतले
जशी मांजर ओल्या अंगणातून.
माझ्याकडे पाहिलं :
हे तू केलंस?

आधी नुसता ओठ, मग तोंड उघडं, आवाजच नाही,
मग साठलेला सगळा आवाज एकदम.
खालच्या गाड्या जाग्या होतील इतकी रडली.
लाइफगार्ड काठाशी उकिडवा बसला.
भीती लपवायला मी उगाच नाव विचारलं.
दर्शन मढवी.
"हयाच आमचे आज्याचा मिठागर व्हता,"
त्याने बोट खाली दाखवलं,
पाण्यातून, स्लॅबमधून, गाड्यांतून, पार खालपर्यंत.
मग म्हणाला, "ताई, श्वास तुम्ही धरलाय.
तुम्ही सोडा, म्हंजे ती सोडेल."

सोडला.

लगेच काही झालं नाही.
कुंडीतल्या चाफ्याचं एक फूल
तरंगत तरंगत आलं, तपकिरी कडांचं, कालचं.
हुंदका अर्ध्यावर ठेवून तिने त्यावर हात मारला.
फूल निसटलं. पाणी उडालं.
हे मात्र तिनेच केलेलं होतं.
पुन्हा मारला. पुन्हा.
भाकरी थापावी तसा, दोन्ही हातांनी,
फूल केव्हाच विसरून.
नाकात पाणी गेलं, शिंकली, पुष्कर बुटांसकट एक पायरी उतरला.
मी तिच्या गालाला ओठ लावले :
क्लोरीन, आणि त्याखाली थोडं मीठ.
मढवींच्या आज्याचं
अजून शिल्लक होतं म्हणायचं.

अकरा मिनिटं. पुष्करने मोजली.
विरघळली नाही. फक्त बोटं सुरकुतली,
उकडलेल्या शेंगांसारखी.

घरी सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या,
वर न बघता विचारलं,
"पाणी फार गार होतं का गं?"
आणि कढईत मोहऱ्या तडतडल्यावर, त्या आवाजाआड,
"पुढच्या रविवारी मीही येईन म्हणते.
नुसती बघायला."

रात्री झोपेत तिने एक पाय मारला.
थोड्या वेळाने दुसरा.
मी अंधारातच
तिच्या पोटाखाली हात सरकवला.
चादर कोरडी होती.