ब्रॅकनचा माणूस

फाटक हातानं उघडत नाही.
गुडघ्यानं, खालून रेटावं लागतं.
आत शिरलं की पाटी:
मार्च ते जुलै कुत्री दोरीला.
चंडोल जमिनीवर घरटी करतात.
त्या पाटीखाली टॅन्सी रोज तंगडी वर करते,
मादी असून.

नऊ वर्षं मी या उतारावर येते
आणि इथल्या माणसांची नावं मला माहीत नाहीत.
ऑटोची बाई.
दोन करड्या कुत्र्यांचा शिक्षक
(शिक्षकच असावा, शिटी हजेरी घेतल्यासारखी वाजवतो).
पांढऱ्या व्हॅनमधून दुसऱ्यांची सहा कुत्री आणणारी ती पोरगी,
जिच्या दोऱ्यांची वेणी होते आणि तीच मधे अडकते.
आणि ब्रॅकनचा माणूस.

ब्रॅकन म्हणजे नेचा. ऑक्टोबरात वाळल्यावर होतो
त्या रंगाची, उंच, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी,
ससा दिसला तरी दिसला नाही असं दाखवणारी.
तिचा माणूस निळ्या टोपीतला. डावा पाय ओढायचा.
एकदा मी गवतानं मढलेल्या एका उंचवट्यावर टेकले
तर म्हणाला, "तिथं नको. मुंग्यांचं आहे ते.
तुमच्या घरापेक्षा जुनं."
नऊ वर्षांतलं आमचं सगळ्यात लांब बोलणं.
एरवी चिखल, वारा, बरंय ना, बरंय.

एप्रिल संपता संपता तो यायचा थांबला.
रानात निळी घंटाफुलं आली, गेली.
बीचची पानं इतकी कोवळी
की ऊन त्यांतून गाळून हिरवंच
कुत्र्यांच्या पाठींवर सांडत होतं.
मी ऑटोच्या बाईला विचारलं. तिनं शिक्षकाला.
घर कुठलं? आडनाव?
कुणी म्हणालं टोपी, कुणी म्हणालं पाय.
एवढंच त्याचं सामान आमच्याकडे होतं.

जूनमध्ये ब्रॅकन दिसली.
दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक मुलगी, पांढरे बूट.
ती ब्रॅकनला फिरवत नव्हती, ब्रॅकन तिला नेत होती:
कुंपणाची पायरी, हेझलची राई, मग तो आडवा पडलेला बीच.
तिथं ब्रॅकन बसली.
मुलगी ओढते, चुचकारते, बिस्किट काढते. ढिम्म.
"पाइप," मी म्हटलं.
"तो इथं पाइप पेटवतो. वाऱ्यात वेळ लागतो. थांब जरा."
मग आम्ही दोघी आणि दोन कुत्री
न पेटलेल्या पाइपसाठी उभ्या राहिलो.
सुतारपक्षी कुठंतरी ठोकत होता.
ब्रॅकन उठली, चालू लागली.

भाची. मामाचा खुबा बदललाय, ॲशफर्डच्या इस्पितळात,
नर्सशी रोज भांडण.
आणि तिला काम लावलंय. फोनवर फोटो:
"हा किडा आहे की फूल?"
फूल. मधमाशीसारखं दिसणारं ऑर्किड.
तिसऱ्या खांबाच्या वर किती आलीत, मोजून सांग.

कुत्री खांबाला बांधली, आम्ही चार पायांवर.
इथून पाहिलं तर गवत म्हणजे खरोखरच दाट वस्ती.
डोक्यावर चंडोल, थांबतच नव्हता,
एवढा दम कुठून आणतो कोण जाणे.
पांढरे बूट हिरवे झाले.
नऊ, दहा, अकरा.
बारावं तुडवलेलं, त्यावर बुटाची नक्षी. माझ्याच बुटाची वाटते.
"धरायचं का?"
धर म्हटलं.

पार्किंगच्या पावतीमागं लिहिलं: अकरा, एक मोडकं.
तिनं त्याचं नाव सांगितलं. अँब्रोज टिकनर.
नाव चांगलं आहे. मी वापरेन असं वाटत नाही.
खाली सही करताना अडले.
माझं नाव वाचून तो विचारेल, ही कोण?
लिहिलं: टॅन्सी.

परतताना ती फाटक हातांनी ढकलत होती.
"गुडघ्यानं," मी म्हटलं, "खालून."
उघडलं.
ती तिथंच उभी राहिली, गुडघा चोळत,
"मामाला जमेल आता हे?"
ब्रॅकन केव्हाच बाहेर जाऊन
गाडीच्या मागच्या दारापाशी बसली होती.