परिच्छेद चार, मनुष्यबळ

दिल्लीहून नमुना आलाय, चौदा रकान्यांचा.
राष्ट्रीय न्यायालय साहाय्य सेवा, मुंबई विभाग,
पुढच्या पाच वर्षांचा आराखडा,
सोमवारपर्यंत, दोन प्रतींत.
बॅलार्ड इस्टेटला तिसऱ्या मजल्यावर
मी एक्सेलमध्ये माणसं भरत बसले आहे.

मंजूर पदे, भरलेली पदे, रिक्त पदे.
दुभाषे : तमिळला एक, तोही रजेवर.
नेपाळीला कुणीच नाही,
तेव्हा शिवडीला कँटीनमधला थापा
साक्षीदाराचं म्हणणं सांगतो
आणि कप विसळायला परत जातो.
त्याला कुठल्या रकान्यात घालू?

सल्लागार कंपनीचे झवेरी फार सभ्य गृहस्थ.
त्यांच्या स्लाइडवर पक्षकार म्हणजे ग्राहक,
तारीख म्हणजे भेट,
आणि पुकारा करणारा शिपाई
म्हणजे लाल रंगातली एक पट्टी.
भिंतीवर पडदा लावू, म्हणाले,
नंबर आला की लुकलुकेल.
नऊ पदं वाचतात.
मी मान डोलावली.
मान डोलावणं माझ्या कर्तव्यसूचीत आहे.

बुधवारी खुर्च्या मोजायला माझगावला गेले.
खुर्च्या चव्वेचाळीस, त्यातल्या सहा तीन पायांच्या
(भिंतीला टेकवल्या की चालतात, नाझर म्हणाले,
म्हणून चव्वेचाळीस).
कोर्टाच्या दाराशी पागधरे उभे.
पांढरा गणवेश, खांद्यावरून लाल पट्टा,
आवाज सातपाटीचा,
एका होडीतून दुसऱ्या होडीत टाकायचा.
दमयंती शिवराम लोटणकर!
एकदा.
दुसऱ्यांदा जिन्याकडे तोंड करून.
तिसऱ्यांदा ओरडलेच नाहीत.
आत साहेबांकडे बघून एक बोट वर केलं,
झेरॉक्सच्या टपरीमागे गेले
आणि एका बाईला घेऊन आले.
तिच्या कडेवर पोर, पोराच्या मुठीत
अर्धं सोललेलं केळं.
साहेब तोवर फाईल चाळत राहिले.
दोन मिनिटं दहा सेकंद.
मी मोजली. मोजायलाच तर गेले होते.

तुम्हाला कसं कळलं ती तिथं असेल?
"सकाळी विचारलं होतं तिनं,
नंबर यायला वेळ आहे का, पोराला चारून घेऊ का.
मी म्हटलं, चार.
आता माझ्याच शब्दावर गेलेली बाई
गैरहजर कशी म्हणू?"

माझ्या वडिलांचा दावा
बत्तीस वर्षांपूर्वी गैरहजर म्हणून काढून टाकला.
लघुवाद न्यायालय, काळाचौकीच्या खोलीचा दावा.
ते हजर होते.
मुतारीत होते.
रांग होती.
घरी येऊन त्यांनी एवढंच सांगितलं,
आणि मग जन्मभर
कुठं महत्त्वाचं जायचं असलं
की आदल्या रात्रीपासून पाणी सोडायचे.

सव्वाआठ वाजले. सफाईवाल्या बाई
माझ्या टेबलापुरता दिवा ठेवून गेल्या.
पुकारा शिपाई, नऊ पदे : कायम ठेवावीत.
कारणमीमांसा, शंभर शब्दांच्या आत.
मी लिहिते,
पडद्याला झेरॉक्सच्या टपरीमागे जाता येत नाही.
खोडते. उपसचिव यावर लाल शेरा मारतील.
लिहिते,
तहकुबीच्या प्रमाणात अपेक्षित घट.
शेजारी आकडा मागतात.
एक, असं टाकते.
एक, माझगाव, बुधवार, समक्ष पाहिलेली.

परिच्छेद पाच, स्वच्छतागृहे.
सध्याची संख्या, आवश्यक संख्या.
नियमाप्रमाणे येतात अकरा.
मी बावीस करते,
कुणी विचारलंच तर आधार काय सांगायचा
ते अजून ठरलेलं नाही,
आणि सेव्ह करते.