मुका माज

उणे सव्वीस. गोठ्याच्या दाराला आतून बर्फाची साय.
हिल्लाची शेपटी मी डाव्या हातानं धरलेली,
डॉक्टरीण ऐला खांद्यापर्यंत आत.
तिच्या मनगटावरच्या पडद्यात करडं हिमवादळ
आणि त्यात काळी, वाटोळी भोकं :
कल्लावेसीच्या गोठल्या पाठीवर
माशांसाठी गिरमिटानं पाडतात, तशी.

"मोज."
पाच. एक मोठं. चार आटत आलेली.

मेंदूखाली वाटाण्याएवढी गाठ असते म्हणे,
ती सगळ्यांना एकदमच हाक मारते,
पंगतीला बसवते, वाढते सढळ हातानं.
दोन-अडीच दिवस.
मग त्यातलं एक, कुणास ठाऊक कसं,
साडेआठ मिलिमीटरला पोचतं
आणि स्वतःच वर निरोप धाडतं :
पुरे, वाढप आवरा.
बाकीची पानावरच उपाशी सुकतात.
त्याला मात्र तोवर
दुसऱ्या हाकेचे कान फुटलेले असतात.

"आमच्या घरासारखंच," मी म्हणते.
"शेपटी नीट धर," ऐला म्हणते.

साठ गायी, सत्तर हेक्टर, सही एकाच्याच नावानं होणार.
थोरला तौनो. दारात न मावणारे खांदे.
चौघांना न सांगता कळलं :
कुणी जहाजावर, कुणी कुओपिओच्या इस्पितळात,
जुळ्या तर लग्नाआधीच पाहुण्यांसारख्या वागू लागल्या.
तौनोला माज आहे, म्हणायचे गावात.
होता.
नसता तर बाकीचे गेले कशाला असते?

पण हा बघ, ऐला बोट ठेवते,
दाणेदार करडा गोळा, पीतपिंड.
मागच्या खेपेला जिथून बीज सुटलं
तिथेच ठाण मांडून बसलेला, आता सुकतोय.
तो धडधाकट असेतो त्याचं प्रोजेस्टेरॉन
वरची दुसरी हाक फुटूच देत नाही,
तीन-तीन, चार-चार तासांनी एखादी कुजबुज.
मोठं झालेलं भोक वाट बघतं,
ताणतं, थांबतं,
दहाव्या दिवशी तेही विरतं.
जिंकलेलं.
पुन्हा पंगत. नवी पानं.

बाबा एकोणऐंशीव्या वर्षापर्यंत
चाव्या खिशात घेऊन हिंडले,
दुधाच्या टाकीची, ट्रॅक्टरची,
रस्त्यावरच्या पत्रपेटीचीसुद्धा.
तौनो चव्वेचाळीसचा झाला.
एका मंगळवारी धारा काढून, बूट धुऊन,
उलटे टांगून, स्वीडनला गेला,
व्हेस्टेरोसला, बेअरिंगच्या कारखान्यात.
भांडला असता तर बरं झालं असतं.
बूट अजून खुंटीवर आहेत. कुणाला होत नाहीत.

सतराव्या दिवसाच्या सुमारास
गर्भाशय चाचपून बघतं :
कुणी मुक्कामाला आलंय का? नाही?
मग तेच पीतपिंडाला थेंबभर निरोप पाठवतं, ऊठ.
आणि त्या घटकेला जे भोक भरलेलं असेल,
बळकट म्हणून नाही, लायक म्हणून नाही,
त्या घटकेला जे असेल,
त्याचं बीज सुटतं.

आई कॉफी ओतत होती.
"अर्वी," ती किटलीकडेच बघत म्हणाली,
"चाव्या टेबलावर ठेव."
त्यांनी ठेवल्या.
घरात तेव्हा मी होते,
तौनोहून सतरा वर्षांनी धाकटी,
कुठल्याच पंगतीत न मोजलेली.

"सोळा मिलिमीटर," ऐला हात बाहेर काढते,
हातमोज्यातून वाफ निघते.
"उद्या रेतनवाल्याला बोलव."
"पण ही हंबरली नाही, कुणावर चढली नाही..."
"मुका माज. असतो काहींचा."
मग बादलीत हात धुताना, माझ्याकडे न बघता :
"आणि गाय गाय असते, हेल्का.
तिच्यात घर शोधू नकोस."

मी शेपटी सोडते.
हिल्ला गव्हाणीत तोंड घालते.

दर रविवारी तौनोचा फोन येतो.
हवेचं विचारत नाही, बाबांचं विचारत नाही.
"कोण गाभण?"
मी एकेक नाव सांगत जाते.
पलीकडे तो काही बोलत नाही,
लिहून घेत असावा.