तिसऱ्या कपाटातला दिवा

बाबांनी क्रेमोनात चाळीस वर्षं काढली,
पण क्रेमोना पाहिलं नाही.
सहा-पन्नासची बस, कार्यशाळेचं मागचं दार,
उकळत्या सरसाचा वास,
संध्याकाळी तीच बस उलटी.
म्हणून या नोव्हेंबरात मी सुट्टी काढून आले
आणि म्हटलं, चला, आज प्रवासी व्हा.
त्यांनी लग्नातला कोट घातला.
खिशात, सवयीनं, पेन्सिलीचं थोटूक.

चौकात धुकं इतकं दाट
की मनोरा खांद्यापर्यंतच होता.
पाचशे दोन पायऱ्या, मी वाचून दाखवलं.
"वर जाऊन बघायचं काय," ते म्हणाले, "दूध?"
भिंतीवरच्या मोठ्या घड्याळात
चंद्र, सूर्य, राशी आपापल्या कामावर हजर.
बाबांनी मनगटावरचं घड्याळ त्याच्याशी ताडून पाहिलं
आणि मान हलवली.
दोघांतलं कोण पास झालं, कळलं नाही.

संग्रहालयाच्या खिडकीतली मुलगी म्हणाली,
ज्येष्ठांना सवलत आहे.
"नको. चाळीस वर्षं या गावानं मला पैसे दिले,
एक दिवस मी देतो."
आणि नाणी मोजत राहिले, सावकाश,
मागे कोरियन शाळेची अख्खी सहल खोळंबलेली.

आत अंधार. अंधारात काचेची उभी कपाटं,
एकेकात एकच व्हायोलिन, अधांतरी,
जणू कुणी खालून हनुवटी काढून घेतली
आणि त्याला अजून कळलं नाही.
लोक पोटाकडे बघत होते, वार्निशच्या रंगाकडे:
मध, कोरा चहा, जुनी वीट.
बाबा फक्त मानेकडे.
जन्मभर त्यांनी तेवढंच केलं,
मानेच्या टोकाचं वेटोळं.
पोट दुसऱ्याचं, पाठ तिसऱ्याची,
आणि आत, जिथलं वाचायला वाकावं लागतं,
तिथल्या चिठ्ठीवर मालकाचं नाव.
किती केलीत, मी लहानपणी विचारलं होतं.
"गोगलगाईंना विचार."

एका कपाटापुढे ते थांबले. थांबलेच.
तीनशे वर्षांचं मॅपल,
वेटोळ्याच्या डाव्या कडेला पटाशी केसभर घसरलेली.
"घाईत होता," बाबा पुटपुटले.
"जेवायला हाक आली असणार."
आणि हसले,
शेजारच्या बाकावरच्या माणसाची खोडी पकडावी तसे.

दुपारी छोट्या सभागृहात एका मुलीनं
जुन्यांपैकी एक वाजवलं.
बाबांचा उजवा कान करवतयंत्रानं केव्हाच नेलेला;
डावा पुढे करून ते बसले,
दारावरच्या भाजीवाल्याशी बोलावं तसे.
लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.
"कसं होतं?"
"वरची खुंटी निसटतेय. दोनदा सावरली तिनं. हुशार आहे."
मला वाटलं होतं, त्यांचे डोळे भरतील.
भरले माझेच,
तेही अर्धे हिटरमुळे.

नुगा कवळीला चिकटला तेव्हा
त्याच्याच पिशवीवर त्यांनी मला आकृती काढून दाखवली:
पोट आणि पाठ यांच्यामध्ये एक काडी,
न चिकटवलेली, नुसत्या दाबावर उभी.
आमच्या भाषेत तिला आत्मा म्हणतात.
"पडतो कधीकधी," बाबा म्हणाले.
"मग चिमट्यानं उभा करायचा. शिव्या देत."

निघताना टेबलावर अभिप्रायाची वही.
जपानी, जर्मन, बदामाची चित्रं,
'अविस्मरणीय' एकाच पानावर तीनदा.
बाबांनी थोटूक काढलं, जिभेला लावलं,
आणि फळीवर माप टिपावं तसं लिहिलं:
तिसऱ्या कपाटातला दिवा लुकलुकतो. बदला.
"नाव घाला की खाली."
"कशाला? कपाट कुठलं ते लिहिलंय."

मंगळवारी ऑफिसातून मी फोन लावला.
बराच वेळ वाट बघायचं संगीत,
मग एक बाई: हो, बदलला.
कुणाच्या लक्षात आलं होतं?
एजिदिओ बोल्झोनी, मी म्हणाले.
पुन्हा म्हणाले, एकेक अक्षर सुटं करून.
"घेतलं लिहून," ती म्हणाली.
कशावर, ते मी विचारलं नाही.