पाचपैकी किती

रॉटरडॅमहून फॉर्म आलाय :
तुमच्या टीमच्या कामगिरीवर कशाचा किती परिणाम होतो?
एक ते पाच. गोलावर टिचकी मारा.
नेटचा वेग. घड्याळांतला फरक. भाषा.
मी अमळनेरात, बोरीच्या अलीकडे,
तापल्या स्लॅबखाली
गोल बघत बसलेय.

नेटला तीन.
बिचारं ते. इन्व्हर्टर टुंटुं करू लागला की
तेही माझ्यासारखंच श्वास धरून बसतं.

घड्याळालाही तीनच.
माझे साडेपाच म्हणजे मारिसोलची सकाळ,
ग्वायाकिलहून ती ब्रश तोंडात धरूनच हजर.
ताल्लिनचा इल्मार दुपारच्या सुस्तीत,
कॅमेरा बंद. कायम बंद.
आम्ही समजायचो, शिष्ट आहे.
सगळ्यांनी मिळून थंड कंटेनरांचं सॉफ्टवेअर लिहायचं,
बोटीवरची मासळी, उणे अठरा अंश.
इकडे माझ्या खोलीत चव्वेचाळीस.

भाषेपाशी बाण अडतो.

त्या दिवशी कुलर खडखडत होता,
वाळ्यावरून पाणी टपटपत होतं.
इल्मार म्हणाला, तुझ्याकडे पाऊस पडतोय वाटतं?
आता कुलर म्हणजे काय ते सांगायचं,
मग उकाडा, मग वाळा, मग एसी का नाही ते,
एवढं इंग्रजी काढायचा कंटाळा आला.
म्हटलं, येस, रेन.

आईला इंग्रजीतले चार शब्द कळतात,
त्यात हा एक.
वर गच्चीवर तिच्या बिबड्या वाळत होत्या,
अख्ख्या पायलीच्या.
चादर, ताट, हाती येईल ते घेऊन
गुडघेदुखी विसरून ती जिना चढली
आणि वरूनच ओरडली :
"पानी कोठे शे व माय?"
माझा माइक चालू.

दोन सेकंद सगळे गप्प.
या वेळी नेटचा दोष नव्हता.
काय म्हणाली तुझी आई?
मी सांगितलं. लॅपटॉप फिरवून कुलरही दाखवला.
मारिसोल ब्रश गिळता गिळता वाचली.
आणि इल्मारच्या काळ्या चौकोनात उजेड आला :
गाडीची सीट, काचेवर वाफ, दाढी वाढलेला माणूस.
घरी वडील आहेत, म्हणाला. झटका आल्यापासून
दिवसभर एकच शब्द ओरडतात.
म्हणून मी खाली येऊन बसतो.
कोणता शब्द, ते कुणी विचारलं नाही.

नऊ दिवस एक चूक सापडत नव्हती.
चांगला गोठलेला कंटेनर रात्री बाराला
स्वतःला गरम समजायचा.
का कोण जाणे, मी तेव्हा बोलून गेले,
मला मंगळवारीच दिसली होती ती.
मग बोलली का नाहीस?
वाटलं, मलाच नीट कळलं नसेल.
इल्मार खोकला. म्हणाला, मला सोमवारी.

सात मिनिटं लागली.
रिपोर्टात लिहिलं गेलं : समन्वय सुधारला.

फॉर्मच्या तळाशी 'इतर' म्हणून चौकट आहे,
अक्षरं फक्त चाळीस.
मी लिहिते : बिबड्या. खोडते.
लिहिते : त्या दिवशी पाऊस नव्हता.
पाठवून देते.

भाषेला किती द्यायचे, ते राहूनच गेलं.
वर आई एकेक बिबडी उलथतेय,
कच्ची बाजू उन्हाकडे करून.