मला समजणाऱ्या भाषेत

बुधवारी ओरोसहून सर्जन येतात,
म्हणून मंगळवारी दुपारी मी सह्या गोळा करते.
छापील कागद, हिरवी फाइल,
आणि पेन दोऱ्याने फाइलीला बांधलेलं,
कारण आधीची चार गेली.

"मला समजणाऱ्या भाषेत" अशी कागदाची पहिली ओळ.
ती मी भरभर वाचते.
मी औशाची. बारा वर्षं देवगडात काढली,
तरी बाजारात तोंड उघडलं
की पेडव्याचा भाव दहा रुपयांनी चढतो.

खाट नंबर चार. बाबल कोयंडे, तांबळडेग, वय त्रेसष्ट.
उजवा अंतर्गळ. खोकला आला की हाताने दाबून धरतात.
मी बसायच्या आत त्यांनी पेन उचललं.
"खंय करूची?"
सोसायटीत केली होती, डिझेलच्या परताव्याला केली होती,
मुलाच्या बोटीला जामीन म्हणून केली होती.
वाचून कुणी दाखवलं नव्हतं, यांनीही मागितलं नव्हतं.

मी वाचत गेले.
भूल कमरेतून देण्यात येईल.
मान हलली.
रक्तस्राव, जंतुसंसर्ग, क्वचित मृत्यू.
मान हलली. मृत्यूलाही तेवढीच.
सदर जागी जाळी बसवण्यात येईल.

पेन थांबलं.
"जाळी? डोळो केवढो?"

मी म्हटलं, डोळ्यांचं शिबिर गेल्या महिन्यात झालं.
पाच नंबरचा टाके धरून हसला.
"बाय, जाळ्याचो डोळो. सूत कसला?
गाठी मारतत काय इणतत?"

माझ्या आईने लातूरला अंगठा दिला होता.
पिशवी काढायची, एवढंच म्हणाले.
तिला वाटलं, काढतात, धुतात, परत बसवतात.
टाके निघाले त्या दिवशी तिने विचारलं,
"माझी कुठं ठेवली?"
मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते.
तिचा अंगठा शाईत मीच दाबला होता.

स्टोअरमध्ये मुदत संपलेलं एक पाकीट होतं, ते फोडलं.
बाबलांनी जाळी अंगठ्यावर घेतली, ताणली,
खिडकीकडे धरली.
पलीकडे टेकडीवर एक पवनचक्की, न फिरणारी.
"गाठ नाय. मशिनीवरची."
मग बराच वेळ काहीच नाही.
"जाळा मधी फाटणा नाय. कडेक फाटता.
तुमी कड कशाक बांधतल्यात?"

मला माहीत नव्हतं.
इतक्या बुधवारी ट्रे लावला,
कडेकडे कधी बघितलं नाही.

सर्जनना फोन लावला. ते गाडी चालवत होते.
"असं विचारलं त्यांनी?"
मग हॅण्डब्रेक ओढल्याचा आवाज.
फोन बाबलांच्या कानाला दिला.
वीस मिनिटं दोघे कडेबद्दल बोलले.
मधे कुठेतरी गुंतागुंत आली असावी, कारण बाबल म्हणाले,
"गुंतो होय! तो माका सोडवूक येता. तुमका येता मा?"
पलीकडचं उत्तर मला ऐकू आलं नाही.
पण ते लांब होतं.

"आणि नाय केलंय तर?"
हेही विचारलं.
हेही कागदावर आहे, पान दोन, तळाशी,
मी सहसा पान उलटत नाही.

सही केली नाही.
"बायलेक दाखवतंय," म्हणाले,
आणि नारळी पौर्णिमेआधी माणसांची नऊ जाळी
शिवून द्यायची आहेत, ती झाली की सांगतंय.
ती वीतभर जाळी घडी करून खिशात ठेवली,
पेन फाइलीवर आडवं ठेवलं, दोरा नीट गुंडाळून.

बुधवारी मेडिकल ऑफिसरांनी विचारलं,
चार नंबरचा नकार का?
मी म्हटलं, नकार नाही.
"मग संमती?"
छापील चौकोन दोनच आहेत.

स्टॉकबुकात एक जाळी कमी भरते.
कारणाचा रकाना मी अजून कोरा ठेवलाय.